शेऱ्याची चौकट

“दुसरीही देऊन टाका. जोडी तरी राहील!”

एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, अशा थाटात तिने वर पाहिलं. प्राण्यांच्या आश्रयघराच्या दारात ती चपलेतला खडा काढायला जरा थांबली काय, एका तीन पायांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने तिची डावी चप्पल तोंडात धरून धूम ठोकली होती. आणि हा सल्ला देणारा माणूस कोपरापर्यंत साबणाच्या फेसात बुडून, एका पिल्लाला आंघोळ घालत, खुशाल हसत होता.

“तुमचा कुत्रा चोर आहे,” ती म्हणाली.

“छे, साहेब आहे. नावच आहे त्याचं. आणि तो ऊठसूट कुणाचीही चप्पल नेत नाही, बरं का... ज्यांनी परत यावं असं त्याला वाटतं, त्यांचीच नेतो.”

“आणि आपण?”

“मी इथला डॉक्टर. साहेबांच्या हाताखाली असतो.”

अशा माणसाबरोबर दोन आठवडे काम करायचं होतं. ती मनातल्या मनात खूश झाली, खोटं कशाला बोला!

काम वेबसाइटचं होतं. आश्रयघर चालवणाऱ्या ताईंनी, म्हणजे डॉक्टरच्या थोरल्या बहिणीने, तिला बोलावलं होतं. प्रत्येक प्राण्याचं एक पान हवं, लोकांनी ते बघावं आणि प्राण्याला घरी न्यावं. बाहेरच्या बसायच्या खोलीत एक मोठा पडदा होता, त्यावरही ही पानं आळीपाळीने दिसणार होती.

पहिल्याच दिवशी तिने डॉक्टरला शेजारी बसवून समजावलं. “हे बघा, वय, वजन, रंग, स्वभाव, शेरा हे प्रत्येक प्राण्याचे गुणधर्म. ते एका जागी साठवलेले असतात. पानाच्या साच्यात मी टॅग लिहिते. एक टॅग साठवलेलं आणून नुसतं दाखवतो. दुसरा चौकट उघडून देतो आणि म्हणतो, भरा.”

“म्हणजे एक बोलणारा, एक ऐकणारा.”

“वा! शिकवणी लवकर संपली की.”

“मग जरा हळू शिकवा ना...”

तिने लॅपटॉपवरची नजर मुद्दाम हलवली नाही. पण गालावरचं हसू काही तिचं ऐकेना. “पान बघताना काही वाटलं तर शेऱ्यात लिहा,” ती म्हणाली. “मी रोज वाचते.”

आणि ती खरंच रोज वाचत होती. साहेबाचा शेरा रोज रिकामा. पहिला आठवडा गप्पांत, थट्टेत, एकाच ताटलीतली बिस्किटं संपवण्यात गेला. दुसऱ्या सोमवारी मात्र डॉक्टर सारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मंगळवारी बघेनासा झाला आणि बुधवारी तर ‘नमस्कार’ म्हणून सरळ आत निघून गेला. तिला ते लागलं. चांगलंच लागलं. शनिवारी काम संपणार होतं, मग इथे यायला तिला निमित्तही उरणार नव्हतं.

गुरुवारी ताईंनी तिला बाजूला घेतलं. “अगं, पुढे साइट सांभाळायला दुसरं कुणीतरी शोध म्हणतोय आपला डॉक्टर. तुला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणे.”

“मला? कशाचं अवघडलेपण?”

“आता ते मला काय विचारतेस? सोमवारी साहेबाच्या शेऱ्यात लिहिलंय ना त्यानं! तू अवाक्षरही काढलं नाहीस, मग तो काय समजणार?”

तिने साहेबाचं पान उघडलं... आणि कपाळावर हात मारला. माहिती भरायच्या फॉर्मवरच्या ओळी उचलून पानात टाकताना शेऱ्यापुढे दाखवणाऱ्याऐवजी भरून घेणारा टॅग तसाच राहिला होता. दिसायला झकास चौकट, पण ‘साठवा’चं बटण नाही! काहीही लिहा, पान बदललं की सगळं गायब. नऊ वर्षं हेच काम करणाऱ्या बाईची ही करामत.

ती तडक तपासणीच्या खोलीत गेली. डॉक्टर एका मांजरीची नखं कापत होता.

“काय लिहिलं होतंत?”

“तुम्ही वाचलंत ना.”

“नाही वाचलं. ते साठवलंच गेलं नाही. चूक माझी आहे, शंभर टक्के माझी.”

त्याच्या हातातली कात्री थांबली. “गेलं? ...मग बरंच झालं.”

“कसलं बरं? तीन दिवस तुमचं फुगलेलं तोंड मी बघितलं, त्याची भरपाई कोण करणार? ठेवा ती मांजर खाली. चला.”

दोन मिनिटांत तिने पानावर दाखवणारा टॅग बसवला, फॉर्म उघडला आणि खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. “लिहा. पुन्हा. मी पाठ फिरवून उभी राहते.”

दोन बोटांनी टकटक सुरू झाली. थांबली... पुन्हा सुरू झाली. ती खिडकीबाहेर बघत राहिली, हलायचं नाही हे तिने ठरवलं होतं. बटण दाबल्याचा आवाज आला. आणि मग बाहेरच्या खोलीतून पोपटाचा पिंजरा घेऊन बसलेल्या आजोबांचा खणखणीत आवाज.

“साहेब. वय अकरा. स्वभाव हट्टी. शेरा — हा चप्पल नेतो ते तू परत यावीस म्हणून. माझी तेवढी हिंमत नाही, म्हणून विचारतो. शनिवारनंतरही येशील?”

“अरे देवा, तो पडदा!” डॉक्टरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. “मी पुसतो... आत्ता पुसतो...”

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “उठा.”

ती खुर्चीत बसली. फॉर्मच्या चौकटीत त्याचे शब्द जसेच्या तसे होते, एकही गेला नव्हता. तिने त्यातलं काहीच बदललं नाही. खाली एक ओळ वाढवली आणि ‘साठवा’ दाबलं.

बाहेर आजोबांनी तीही वाचली, “दुसरीही देऊन टाकते. जोडी तरी राहील!” पाठोपाठ ताईंच्या टाळ्या ऐकू आल्या.

डावी चप्पल साहेबाने आज सकाळीही पळवली होती; तोवर तिने उजवीही काढून त्याच्यापुढे धरलीसुद्धा होती. त्याने ती शांतपणे घेतली आणि लंगडत कोपऱ्यातल्या आपल्या गोणपाटाकडे गेला.

“आता मला घरी कोण सोडणार?” तिने विचारलं. “मला अनवाणी चालायची सवय नाही.”

“मी सोडेन.”

“फक्त आज?”

“रोज,” तो म्हणाला.