पावाच्या पिशवीची चिमटी

ही गोष्ट खरी आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट सांगताना माझीच लाज निघणार आहे.

भुताटकी रात्रीच होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा. ही भरदुपारी झाली. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाला, जानेवारी-फेब्रुवारीच्या उन्हाळ्यात, दर शनिवारी तीनच्या पुढे.

ब्रेंटन हा माझ्या धाकट्या बहिणीचा, जॅनेलचा नवरा. हाताने भारी हुशार. गावात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की याच्याच दारात यायचा. पण कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही.

आणि लिंडन पॅस्को त्याचा मित्र. मालगाडीचा ड्रायव्हर होता. पाठ कामातून गेली, नोकरी सुटली, तेव्हापासून गावाच्या टोकाला एकटाच राहायचा. त्याची म्हातारी आई, व्हर्ना, दोन गल्ल्या सोडून.

लिंडनचा आठवडा शनिवारसाठी असायचा. तीन वाजता तो, ब्रेंटन, डॅमियन आणि टॉड कानाला हेडफोन लावून आपापल्या घरून गेम खेळायचे. रणगाड्यांची लढाई. लिंडन दर वेळी पहिला यायचा. बाकी जगात त्याला कुठे पहिलं यायला मिळत होतं?

ब्रेंटनला तेच खुपायचं.

नोव्हेंबरमध्ये लिंडनने नव्या कॉम्प्युटरचे भाग आणले आणि विश्वासाने ब्रेंटनकडे जोडायला दिले. ब्रेंटनने झकास जोडला. फक्त देण्याआधी एक गोष्ट केली.

मशीन सुरू होताना एक बटण दाबलं की आतल्या सेटिंगचं पान उघडतं. प्रोसेसरला वीज किती द्यायची, तो आकडा तिथे असतो. ब्रेंटनने तो जरासा खाली ओढला. जरासाच. एरवी काही कळायचं नाही. पण गेम रंगात आला, मशीन तापलं, की वीज अपुरी पडायची...

आणि स्क्रीन निळी.

लिंडन हरायचा. तिकडे तिघं खदाखदा हसायचे. मग त्याचा फोन यायचा, "ब्रेंटन, परत गेला रे." आणि हा महाशय डॉक्टरसारखा आवाज काढून उपाय सांगायचा. रॅम बदलून बघ. वायर बदलून बघ. फ्रीज त्याच लाइनवर आहे ना, तो काढून बघ. एका वेळी एकच गोष्ट बंद करायची, टेस्ट करायची, लिहून ठेवायचं.

लिंडन रेल्वेतला माणूस. सांगितलं ते तंतोतंत करायचा. मशीनच्या अंगावर त्याने वरपासून खालपर्यंत कागदी चिकटपट्टी लावली. तिच्यावर एकाखाली एक नावं. टेस्ट झाली, दोष तिथे नाही, की पुढे फुली. काढलेली प्रत्येक वायर तो छान गुंडाळायचा आणि पावाच्या पिशवीला असते ती चपटी प्लास्टिकची चिमटी तिला लावायचा. अशा चिमट्या त्याने बरणीभर साठवल्या होत्या.

सात आठवडे हे चाललं. ख्रिसमसच्या जेवणाला ब्रेंटनने आम्हाला त्या आकड्याची गंमत सांगितली आणि लिंडनची नक्कल करून दाखवली. पाठीत वाकून, वायर गुंडाळत. आम्ही पोट धरून हसलो.

मग जानेवारीतला तो शनिवार आला. सेहेचाळीस डिग्री.

बाराला लिंडनचा फोन आला. ब्रेंटनने तो स्पीकरवर टाकला, कारण डॅमियन आणि टॉड शेजारीच बिअर पीत बसले होते.

"आता एसी तेवढा राहिलाय," ब्रेंटन म्हणाला. "तो झटक्यात वीज ओढतो. बंद कर, खिडक्या लाव, तीन तास टेस्ट चालव. खुर्चीतून उठायचं नाही, आकड्यांवरून नजर हलवायची नाही."

"आज? बाहेर भट्टी पेटलीय रे."

"मग राहू दे. हरत बस."

रविवारी सकाळी व्हर्ना मुलाला पाव द्यायला गेली. लिंडन खुर्चीतच होता. स्क्रीन निळी. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने हृदय बंद पडलं.

दफनाच्या दिवशी व्हर्ना प्रत्येकाला धरून सांगत होती, "माझ्यामुळे गेला. उन्हाळाभर मी त्याच्या मागे लागले होते की फ्रीजमध्ये राहिल्यासारखा काय राहतोस. म्हणून त्याने एसी बंद केला."

ब्रेंटनसमोर येऊनही ती हेच बोलली. त्याच्या हातात सँडविच होतं. एक वाक्य बोलला असता तर त्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं.

तो सँडविच खात राहिला.

आठवड्याने व्हर्नाने त्याला बोलावलं. म्हणाली, तुझ्या हातचं मशीन आहे, तूच ने. ब्रेंटनने ते जवळजवळ पळवलंच. दुसऱ्या कुणी उघडण्याआधी तो आकडा पुसायचा होता ना.

घरी आणल्या आणल्या त्याने आकडा नीट केला. पट्टी वाचली. रॅम, फुली. कार्ड, फुली. वायर, फुली. फ्रीज, फुली. खाली एसी, पुढे काहीच नाही.

मशीन मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीला लागून आमच्या बाबांची खोली. बाबांची फुप्फुसं गेलेली, नाकात चोवीस तास ऑक्सिजनची नळी. त्या ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज घरभर यायचा. घुर्र... फुस्स... घुर्र... फुस्स...

शनिवारी तीनला ब्रेंटन खेळायला बसला. तीन चाळीसला...

स्क्रीन निळी.

त्याने सेटिंगचं पान उघडलं. आकडा पुन्हा खाली आला होता.

त्याने तो वर केला. पुन्हा तेच. मग आतली बटणाएवढी बॅटरी काढली. ती काढली की मशीन जुनं सगळं विसरतं. बॅटरी परत घातली, पान उघडलं.

आकडा खालीच. जिथे त्याने स्वतः नोव्हेंबरमध्ये ठेवला होता, बरोबर तिथे.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की घरात काहीतरी कमी आहे. कसला तरी आवाज...

फ्रीजची घरघर येत नव्हती.

स्वयंपाकघरात फ्रीजचा प्लग काढून ठेवला होता. वायर छान गुंडाळलेली. तिला पावाच्या पिशवीची चिमटी.

जॅनेल दुपारीच कामावर गेली होती. बाबा तर नळी सोडून बाथरूमपर्यंतही जात नव्हते.

पुढच्या शनिवारी ब्रेंटनने मशीनला हातच लावला नाही. प्लग काढून ठेवला आणि बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत बसला.

तीन वाजून गेले...

मागच्या खोलीत पंखा फिरायला लागला. मशीनचा पंखा.

तो दारात गेला. मशीन चालू होतं. टेबलावर हेडफोन उताणा पडला होता आणि त्यातून श्वास ऐकू येत होता. उघड्या तोंडाने, ओढून ओढून घेतलेला. गेम सुरू झाला नव्हता, कुणी बोलत नव्हतं, फक्त तो श्वास.

आणि मग एसी थांबला.

खिडकीतल्या एसीची वायर गुंडाळलेली होती. चिमटी गरम होती, उन्हात ठेवल्यासारखी.

ब्रेंटनने मला नंतर सांगितलं की भीतीबरोबर त्याला थोडं हायसंही वाटलं होतं. पट्टीवर एसीच शेवटचा होता. म्हणजे संपलं.

संपलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी तो घरीच थांबला नाही. जॅनेल कामावर, घरात बाबा एकटे. ब्रेंटन डॅमियनकडे जाऊन बसला. म्हणजे घरात काहीतरी होतं हे माहीत असताना, ज्याला उठता येत नाही अशा माणसाला त्याच्या तोंडी देऊन स्वतः पळाला. याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

चार वाजता जॅनेल लवकर घरी आली. घर शांत होतं. घुर्र नाही, फुस्स नाही...

बाबांचे ओठ निळे पडले होते. ऑक्सिजनच्या मशीनची वायर गुंडाळून पलंगाच्या पायाशी ठेवलेली. तिला चिमटी.

बाबा वाचले. त्यांना विमानाने ॲडलेडला नेलं, मी तिथेच त्यांना भेटले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"लिंडन आला होता," बाबा म्हणाले. "म्हणाला, मर्व्ह, पाचच मिनिटं. टेस्ट करतोय."

लिंडन बाबांना मर्व्हच म्हणायचा. आणि तो गेल्याचं आम्ही त्यांना सांगितलेलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ब्रेंटन ॲडलेडला आला आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून त्याने मला सगळं सांगितलं. मी त्याला शिव्या घातल्या. म्हटलं, व्हर्नाकडे जा आणि सगळं कबूल कर. सगळं.

तो गेला. व्हर्ना जामसाठी जर्दाळू चिरत बसली होती. त्याने तोंड उघडलं खरं, पण तिथेही अर्धंच बोलला.

"मिसेस पॅस्को, एसी बंद करायला मी सांगितलं होतं. चुकून. मला वाटलं, दोष तिथे असेल."

दोष मीच घातला होता, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

व्हर्नाची सुरी थांबली नाही.

"माहीत आहे मला. त्या दिवशी दुपारी त्याने फोन केला होता. म्हणाला, ब्रेंटन सांगतोय तसं करून बघतो."

"मग तुम्ही सगळ्यांना का सांगत होतात की तुमच्यामुळे..."

"तू काय बोलतोस ते बघत होते."

तिने बी काढून भांड्यात टाकली.

"पट्टी पूर्ण वाचलीस का रे?"

शुक्रवारी रात्री मला ब्रेंटनचा फोन आला. आवाज ओळखू येईना. त्याने मशीन आडवं करून बघितलं होतं. पट्टीचं टोक खाली तळाला दुमडून चिकटवलेलं होतं. ते त्याने सोडवलं. एसीच्या खाली अजून एक ओळ होती, लिंडनच्या अक्षरात.

ब्रेंटन.

पुढे फुली नाही. टेस्ट बाकी.

"मॅक्सीन, त्याला संशय आला होता," तो म्हणत होता. "आणि तरी माझं ऐकून त्याने आधी एसी बंद केला. एका वेळी एकच."

उद्या सकाळी मशीन कचऱ्याच्या डेपोत टाकून येतो म्हणाला. मी म्हटलं, आधी वायरी काप.

त्याने कापल्या होत्या. मशीनच्या वायरीचे तुकडे अंगणात पडले होते, ते मी स्वतः उचलले.

रविवारी सकाळी दहाला मी आणि जॅनेल ॲडलेडहून परत आलो. घराचं दार ढकललं तर तोंडावर वाफ आली. सगळ्या खिडक्या बंद. मेन स्विच बंद. फ्रीज, एसी, दिवे, सगळं मेलेलं. जॅनेल हाका मारत होती.

मागच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता...

ब्रेंटन खुर्चीत होता. कानाला हेडफोन, डोळे उघडे, स्क्रीनवर खिळलेले. अंगाला हात लावल्यावर मला कळलं.

त्याच्यासमोर गेम चालू होता. रणगाडा धुळीत उभा. कोपऱ्यात वेळ मोजली जात होती. एकोणीस तास. एकदाही बंद पडला नव्हता.

मागे जोडलेली एकही वायर नव्हती.

जॅनेल किंचाळली तेव्हा पंखा थांबला आणि स्क्रीन काळी झाली. मी पट्टीकडे बघितलं. ब्रेंटनच्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली होती. फुली नव्हती. दोष सापडला की करतात ती, बरोबरची.

डॉक्टर म्हणाले, उष्णता. यांच्याकडे दुसरं उत्तर कधी असतं?

व्हर्नाने मशीन परत मागितलं. जॅनेलच्यात त्राण नव्हतं, म्हणून मी नेऊन दिलं. तिने ते टेबलावर ठेवून घेतलं, फडक्याने पुसलं आणि मला बसायला सांगितलं.

"त्याने मुद्दाम केलं होतं ना?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आणि हे अजून किती जणांना माहीत होतं?"

मला ख्रिसमसचं जेवण आठवलं. वाकून वायर गुंडाळणारा ब्रेंटन आठवला. 'परत एकदा करून दाखव' असं त्याला मीच म्हटलं होतं. आणि ही म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "फक्त ब्रेंटनला."

"बरं," ती म्हणाली आणि जर्दाळूच्या जामची बाटली माझ्या हातात दिली.

त्यानंतर मी पिशवीतला पाव आणणं बंद केलं. बेकरीतून कागदात गुंडाळून आणते. घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिमट्या शोधून टाकून दिल्या.

आज शनिवार आहे. मघाशी चहा करावा म्हणून किटलीचं बटण दाबलं. लागली नाही. पुन्हा दाबलं...

तिची वायर ओट्याच्या मागे जाते. तिथे हात घालून बघितलं की कळेल.

मी अजून घातलेला नाही. तीन वाजून दहा मिनिटं झालीत आणि मी इथेच उभी आहे.