अष्टमकर सरांचा आलेख

नथानियल अष्टमकर सर रोह्याच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यामुळे यकृतात गाठ निघाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी आलेखाची वही आणली. ऑपरेशन झेपणार नव्हतं. गोळ्या घ्यायच्या आणि दर महिन्याला पेणच्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. रक्तात एक प्रथिन मोजत. बाळ पोटात असताना त्याचं यकृत ते बनवतं. जन्मानंतर कारखाना बंद. गाठ झाली की काहींचा कारखाना पुन्हा सुरू होतो. सरांचा झाला होता. आकडा चढला म्हणजे गाठ वाढली.

आकडा चढत होता. त्यांची बायको रेचल ज्यूंच्या प्रेषिताला, एलियाहू हनाबीला, मलिद्याचा नवस बोलली. सरांचा नवसावर विश्वास नव्हता. पण मलिद्यातल्या गोड पोह्यांना हरकत नव्हती.

पाचव्या महिन्यात लॅबमधल्या अनितानं, त्यांच्याच विद्यार्थिनीनं, वही पाहिली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"सर, हसू नका हां. गरोदर बायकांचा आकडा असाच चढतो. मी रोज बघते."

"मग डोहाळे सांगू का?"

"तसं नाय हो सर. पण आठव्या महिन्यानंतर त्यांचा उतरतो."

घरी येऊन सरांनी हे विनोद म्हणून सांगितलं. रेचल हसली नाही. त्यांना मूल नव्हतं.

सातव्या महिन्यात गाठ नारळाएवढी झाली. उजव्या कुशीवर वळलं की आतून कुणीतरी ढोसायचं. सरांनी डावी कूस धरली आणि तक्रार केली नाही.

आठव्यानंतर आकडा उतरला. नवव्यात एका दुपारी दोन तास पोटात असह्य दुखलं आणि एकदम थांबलं.

पुढच्या सोनोग्राफीत गाठ नव्हती. डॉक्टरांनी आधी मशीन बदलून पाहिलं, मग पेशंट तोच आहे ना, हे विचारलं. सर रडले. बाहेर येऊन त्यांनी रिक्षावाल्याचेही आभार मानले.

मलिदा ठरला. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. त्यासाठी पनवेलपर्यंत फोन गेले. जमलेल्यांत सगळ्यात थोरल्या जेकबकाकांनी सुरुवात केली. गाताना सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले, कुणी झोपलेलं असलं की येतात तसे. सरांनी मनापासून आमेन म्हटलं. जिवंत असणं त्यांना अलीकडे फार आवडू लागलं होतं.

प्रार्थना आटोपली, तेवढ्यात मागच्या दारानं काशीबाई आली. आळीतल्या तान्ह्या पोरांना न्हाऊ घालणारी.

"हिला कोणी बोलावलं?" सरांनी विचारलं.

"अहो, हळू बोला," रेचल म्हणाली. ती कढत पाण्यात विसण घालत होती.

काशीबाई मोरीत पाटावर बसली. पाय लांब पसरले. तिच्या हातात कुणी काही दिलं नाही.

तिनं तांब्या ओतला. पाणी नडग्यांच्या वीतभर वरच फुटलं आणि दोन्ही बाजूंनी ओघळलं.

सर उंबऱ्यात उभे होते. नऊ महिने मरण यायचं होतं, ते आलं नव्हतं. त्यांना काही विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी पंचा दोन्ही हातांवर पसरला.

काशीबाईनं पायांवरून रिकामी ओंजळ उचलून त्यावर ठेवली आणि हात काढून घेतले. पंचा मधून दबला. ओला झाला.

"मान धरा, मास्तर," ती म्हणाली.