ऑरिनचा मेपल

व्हर्मॉंटमधल्या आमच्या टेकडीवर मूल जन्मलं की फाटकापासून दारापर्यंतच्या रांगेत एक मेपल लावतात. ही झाडं सावलीसाठी आणि पानगळीतल्या रंगासाठी. पाकासाठी खोडात तोटी ठोकून जो गोड रस काढायचा आणि आटवायचा, तो टेकडीमागच्या रानातल्या मेपलांचा. नावाच्या झाडाला कुणी गिरमिट लावत नाही. का, असं विचारलं तर आमची माणसं नुसते खांदे उडवतात.

त्या मार्चमध्ये रानाची वाट बर्फाने अडली, तेव्हा माझा मोठा भाऊ ऑरिन स्वतःच्याच झाडाला भोक पाडायला निघाला. मी नको म्हटलं.

"शेपटे, झाड माझं, रस माझा. तुझं काय जातंय?"

लहानपणी मी सतत त्याच्या मागेमागे असायची, म्हणून हे नाव. तेही तो आम्ही दोघंच असताना घ्यायचा.

पाक झकास उतरला. दरवर्षीसारखा तो गरमगरम ताज्या बर्फावर ओतला, सोबत डोनट आणि आंबट काकड्या. माझ्या घशाखाली उतरेना. माझी सहा वर्षांची मुलगी लॉटी मात्र बोटं चाटत राहिली.

पुढच्याच आठवड्यात ऑरिन गाईंची नावं विसरला. मग गोठ्याची वाट. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पालवी फुटली तसा रानातल्या झाडांचा रस आटला. त्याच्या झाडाखालची बादली भरतच होती. मी तोटी उपटून भोकात खुंटी ठोकली. तरी ऑरिनचं विसरणं थांबलं नाही. मी फार घाबरले होते. आईवडलांमागे त्यानेच मला वाढवलं होतं.

ऑक्टोबरात रांग लालभडक झाली. जेवताना लॉटी सहज म्हणाली, "कंदिलाची काच मी फोडली होती. आईने तुलाच रागावलं."

ती आई म्हणजे माझी आणि ऑरिनची आई. लॉटीने तिला पाहिलेलंही नाही.

ऑरिनच्या झाडाच्या पाकाची शेवटची बरणी तळघरात होती. ती ऑरिनला खाऊ घालायची, एवढंच मला सुचलं. मी धावत खाली गेले.

बरणी चाटूनपुसून स्वच्छ होती.

वर आले. ऑरिन ओसरीवर बसून त्याच्या झाडाकडे बघत होता.

"छान झाड आहे," तो अदबीने म्हणाला. "कुणाचं हो, बाई?"

मला रडू आवरेना.

मागून एक छोटा हात माझ्या पाठीवर फिरला.

"रडू नकोस, शेपटे," लॉटी म्हणाली. "त्याला घोंगडी दे. मी गाई बांधून येते."