इशेनकुलचं झापड

मला हे सांगायचं नव्हतं. दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडलोसुद्धा. पण ही नुरिला, मुसाबेकची नात, शहरात माणसाच्या मनाचा अभ्यास करते म्हणे. सुट्टीला आली की माझ्या चुलीपाशी ठाण मांडते, माझेच तळलेले बोरसोक चहात बुडवून खाते आणि वर विचारते, "आजोबा, इशेनकुल आजोबांना नेमकं काय झालं होतं?" अगं, तुझ्या आजोबाला विचार की! त्याला सगळं ठाऊक आहे. पण तो तोंड उघडायचा नाही, म्हणून या म्हाताऱ्याला हातात पेन धरावं लागतंय. माझी शाळा चौथीतच सुटली. चुकलं तर चुकलं. वाचताना दिवा जवळ ओढून घे, आणि मधेच "असं कसं?" म्हणू नकोस. कसं ते मलाही माहीत नाही.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत मी धाकट्या भावाकडे, इशेनकुलकडे, मिठाची पोती पोचवायला गेलो होतो. एवढंच काम. पोती टाकायची, चहा प्यायचा, परत फिरायचं. पण त्यानं नुकतीच जाळ्यात एक तरुण गरुडमादी धरली होती आणि तिला माणसाळवायला बसवलं होतं. त्यामुळे राहावं लागलं.

गरुड माणसाळवणं म्हणजे मारझोड नव्हे. खोलीत दोन खांबांना सैलसर दोर बांधायचा, त्यावर पाखरू बसवायचं. दोर सारखा हलतो, त्यामुळे त्याला झोपता येत नाही. समोर माणूस बसतो. तोही झोपत नाही. बोलतो, गुणगुणतो, पाखराची मान खाली गेली की दोराला झटका देतो. असं दिवसरात्र चालतं. शेवटी पाखरू थकतं, हट्ट सोडतं आणि हातावर येतं. मात्र माणसांनी पाळी लावायची असते. आमचा बाप म्हणायचा, "समोरासमोर बसल्यावर आधी ज्याचा डोळा लागेल, त्याचं घर उघडं पडतं." कसलं घर, ते त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तेव्हा बापाला कुणी प्रश्न विचारत नसे.

इशेनकुलनं पाळी लावली असती. पण नेमका त्याचा मेव्हणा मुसाबेक तिथे आला होता. चहाचा वाडगा हातात, पाय पसरलेले, तोंड चालू.

"दाजी, तुम्ही जागणार?" तो म्हणाला. "आमची बुरुल सांगते, स्वतःच्या लग्नाच्या जेवणात तुम्ही मटणाच्या ताटावर डुलक्या घेत होता!"

बुरुल, म्हणजे इशेनकुलची बायको, लाजून हसली. इशेनकुल हसला नाही.

"मला पाळी नको," तो मला म्हणाला. "दादा, तू झोप जा. मी एकटा बसतो."

"वेडा आहेस का? रीत आहे ती."

"आहे वेडा. जा."

एकदाच, तो बाहेर जाऊन येईपर्यंत, त्याच्या जागी मी बसलो. खोलीत कच्च्या मांसाचा आणि जुन्या चरबीचा वास कोंडला होता. दोर कर्र… कर्र… करत होता. तिचे डोळे पिवळे होते, मधासारखे, आणि त्यांत दिव्याची वात अजिबात हलत नव्हती. खरी वात हलत होती, तिच्या डोळ्यांतली नाही. मी झोपलो नव्हतो. हे नीट वाच, नुरिला. मी झोपलो नव्हतो.

मग एका सकाळी दोराचा आवाज थांबला. मी आत गेलो. इशेनकुल ताठ बसला होता, डोळे उघडे, आणि गरुडमादी त्याच्या चामडी हातमोज्यावर बसली होती.

"बसली! भाऊजी, बसली!" बुरुल माझ्या मागून ओरडली. मुसाबेकनंसुद्धा टोपी काढली.

पाखरू हातावर आलं की त्याच्या डोळ्यांवर चामड्याचं झापड चढवतात, म्हणजे ते शांत राहतं. मी झापड घेतलं आणि तिला चढवलं.

इशेनकुल हळूच म्हणाला, "दादा… दिवा का विझवलास?"

खिडकीतून ऊन आत आलं होतं. आम्ही सगळे हसलो. इतक्या जागरणानं कुणालाही भोवळ येईल. मी झापड पुन्हा काढलं.

"हां," तो म्हणाला. "आता दिसतंय. तुझ्या बाहीला भोक पडलंय बघ, कोपरापाशी."

भोक खरंच होतं. पण ते त्याला बसल्या जागेवरून दिसेल अशा बाजूला नव्हतं. पाखराकडच्या बाजूला होतं.

पुढे मी चोरून बघितलं. तो अंगणात लाकडं फोडत असायचा, मी खोलीत जाऊन तिला झापड घालायचो. कुऱ्हाड हवेतच थांबायची. काढलं की खाली यायची. कितीदाही करा. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मधेच अंधार होतो रे दादा. त्या अंधारात मी असतो, पण कुठे ते कळत नाही."

जिल्ह्याची डॉक्टरीण आणली. तरणी पोर, डोक्यानं हुशार. तिनं नाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं, आकडे सांगून बेरजा करायला लावल्या. त्यानं सगळं बरोबर सांगितलं, बेरजा तर माझ्यापेक्षा चांगल्या केल्या.

"डोक्यात काही दोष नाही," ती म्हणाली.

"घर धडधाकट आहे हो बाई," मी म्हटलं, "पण आत कोण आहे ते बघा."

"काका, मन डोक्यातच असतं. ते दुसरीकडे कुठे जाणार?"

मी खिडकीतून बुरुलला खूण केली. ती पलीकडच्या खोलीत गेली. इशेनकुल सत्तावीसमध्ये आठ मिळवत होता, तो 'पस्ती…' म्हणून थांबला. ओठ तसेच उघडे राहिले. डॉक्टरणीनं त्याच्या डोळ्यांपुढे बोट नाचवलं, कानाशी चुटकी वाजवली, मनगट धरून बसली. बुरुलनं झापड काढलं.

"…स," इशेनकुल म्हणाला.

तिनं ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि अर्धा चहा टाकून गेली. शिकलेली माणसं भली असतात, फक्त थांबत नाहीत.

तशीच वर्षं गेली. शिकारीत मात्र त्यानं खोरं गाजवलं. तो तिला कधी हाक मारत नसे. घोड्यावर डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, "त्या काळ्या खडकामागे कोल्ही आहे." असायचीच. लोक वाहवा करायचे. बुरुल करायची नाही. ती सुकत चालली होती. एकदा दूध काढताना गाईच्या आडून माझ्याशी बोलली, अगदी दबक्या आवाजात.

"भाऊजी, रात्री तिला झापड घालावंच लागतं. नाहीतर ती दोरावर फडफडते आणि हे ओरडतात."

"मग घाल की."

"घालते. पण झापड घातल्यावर हे आडवे होत नाहीत… उठून बसतात. डोळे उघडे. मान अशी वाकडी करतात आणि पाळण्याकडे बघत राहतात."

पाळण्यात त्यांची मुलगी होती, नुकतीच रांगायला लागलेली.

"भाऊजी, हे तिकडे अंधारात असतील," ती म्हणाली, "तर मग इकडे कोण बसतं?"

याचं उत्तर, नुरिला, तू शिकलीस ना, तू दे.

आता आमच्यात अशी रीत आहे की गरुड जन्मभर ठेवत नाहीत. काही हंगाम त्याच्याकडून शिकार घ्यायची, मग वसंतात त्याला पोटभर मेंढी चारून डोंगरात सोडून द्यायचं. त्यानं जोडीदार करावा, पिल्लं करावीत. तिची वेळ केव्हाच टळून गेली होती. गावात कुजबुज सुरू झाली. इशेनकुलनं माझा हात धरला. "दादा, सोडू नकोस. ती फार लांब जाईल. मी एवढा ताणला जाणार नाही."

मी शब्द दिला. मुसाबेकला हे पटलं नाही.

"पाहुणे, तुम्ही पाखराचं पाप डोक्यावर घेताय," तो म्हणाला. "आणि दाजींना नुसता वहीम जडलाय. ती एकदा गेली की डोकं ठिकाणावर येईल. दुखरा दात असतो तो, उपटावाच लागतो."

"माझ्या भावाला हात लावलास तर तुझेच दात उपटीन."

"बघा! सोयरा माणूस असं बोलतो का?"

मी घोड्याला नाल ठोकून आणायला खालच्या गावी गेलो. भर दुपारी परतलो. वारा पडला होता. कुत्रं दिसलं नाही. त्याच्या अंगणात लोकरीच्या नमद्यावर इशेनकुल बसला होता, चेहरा आभाळाकडे, डोळे मिटलेले, आणि चक्क हसत होता.

"दादा, आलास?" तो म्हणाला. "वरून तू आळंब्यासारखा दिसतोस. पांढरी टोपी आणि खाली काहीच नाही."

मी वर बघितलं. घराच्या अगदी माथ्यावर एक ठिपका गोल फिरत होता.

मुसाबेक दारात उभा होता. हातात तिचं झापड आणि तिच्या पायातली कापलेली वादी. "मेंढी चारली पोटभर," तो म्हणाला. "रीतीप्रमाणे सोडली."

त्याच्याकडे नंतर बघू म्हटलं. मी हातमोजा चढवला, मांसाचा तुकडा धरला आणि तिला हाक दिली, घशातून, बापानं शिकवलेली. पुन्हा दिली. ठिपका थांबल्यासारखा झाला.

"ऐकू येतंय," इशेनकुल म्हणाला. "येतोय दादा… घर मोठं होतंय… बुरुल दिसतेय, तिनं पोरीला उचललंय… नमद्यावर कुणीतरी बसलंय. दादा, तो मीच आहे का?"

"तूच आहेस. ये. सरळ ये."

ती पंख मिटून पडावी तशी खाली आली. वाऱ्याची शीळ ऐकू येऊ लागली. इशेनकुलनं मिटलेले डोळे उघडले, टक्क उघडे. आणि त्याच क्षणी मुसाबेक अंगरखा काढून ओरडत मधे धावला. त्यानं तो तिच्या तोंडावर फडकावला. तिच्या पंखाचा फटका माझ्या कानाला लागला, चरबीचा वास आला, आणि ती वळली. वर, आणखी वर, बर्फाच्या बाजूला.

"फिरलो…" इशेनकुल म्हणाला. "दादा, मी फिरलो…"

मी ओरडत राहिलो. घसा फाटला.

"तळं दिसतंय… वाटीएवढं… आता बर्फ… थंडी वाजतेय रे…" त्याचा आवाज जागच्या जागी होता, तरी बारीक होत गेला, दरीपलीकडून यावा तसा. "दादा… आता तुझा ठिपका…"

मग काहीच नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवली. अशी, वाकडी. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, थेट माझ्याकडे बघितलं.

बुरुलनं त्याच संध्याकाळी पाळणा माझ्या घरी आणून ठेवला. पोर माझ्याकडेच वाढली.

तो गेल्या हिवाळ्यापर्यंत जगला. मेंढ्या राखल्या, गवत कापलं, विचारलं तर नाव बरोबर सांगितलं. 'दादा' मात्र पुन्हा म्हणाला नाही. बुरुल शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिली, रात्री टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढून द्यायची, मग तो शांत बसायचा. मुसाबेक शहरात मुलाकडे राहायला गेला तो गेलाच. या सगळ्या वर्षांत एकदाच बोलला, इशेनकुलच्या मातीला आला तेव्हा. "पाहुणे, ती तुमच्या हाताकडे येत नव्हती. दाजींच्या डोळ्यांवर येत होती. मी त्यांना वाचवलं." असेल. डोळ्यांवरच येत असेल. पण घरी परतायला माणसाला दुसरं दार कुठलं असतं?

आता एवढं सगळं का लिहिलं ते सांगतो. या वर्षी मला भर दुपारी अंधार होतो. चहा पिताना, खोगीर आवळताना. डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासले, म्हणाला, नजर तरण्या पोरासारखी आहे. उजेड परत येतो तोही हळूहळू नाही, कुणी ओढून काढल्यासारखा एकदम. अंधारात जुन्या चामड्याचा आणि चरबीचा वास असतो. आणि काल तर पायांखाली जमीन नव्हती. दोर होता. कर्र… कर्र… करत होता.

तेव्हा इशेनकुलच्या जागी बसलो असताना माझा डोळा क्षणभर लागला असेल, तर कुणास ठाऊक. ते झापड तुझ्या आजोबानं शहरात नेलं. तूच म्हणालीस, बैठकीत खिळ्याला टांगलंय, लहानपणापासून बघतेस. परत गेलीस की बघ, खिळ्यावर आहे का. असलं तर कोरडं आहे की ओलसर, ते लांबूनच बघ, बोट आत घालू नकोस. नसलं, तर ते कुणाच्या डोक्यावर आहे हे शोधत बसू नकोस. मला नुसता निरोप धाड, उजेड असेल तेव्हा वाचीन. आणि तुझ्या आजोबाला सांग, हा लिहिणारा सातीबाल्दी अजून जिवंत आहे, अजून उंबऱ्याकडे तोंड करून बसतो, आणि एका माणसानं त्याची माफी मागायची राहिली आहे. मुसाबेकनं.