मॅकॲस्किलांची दुसरी कुपी

"माझा भाऊ इवान माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आणि हे लोक म्हणतात, आम्ही जुळे!"

मर्डो मॅकॲस्किलने अहवाल टेबलावर आपटला. बासष्ट वर्षांचा माणूस तो. तीन दिवस स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरचं धुकं हललं नव्हतं.

खासगी तपास करणाऱ्या इशबेल गनने अहवाल वाचून टॉर्किलकडे सरकवला. टॉर्किल निवृत्त पोस्टमन. इशबेलची गाडी चालवायची आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही त्याची कामं.

"शनिवारी घराण्याच्या सभेचा प्रमुख निवडायचाय," मर्डो म्हणाला. "प्रमुख रक्तानं मॅकॲस्किलच हवा, म्हणून डीएनए तपासणीची अट मीच घातली. आता कंपनी सांगते, दोन्ही कुप्यांत एकाच माणसाची लाळ आहे. इवानला प्रमुखपद हवंय. त्याचाच हा चावटपणा."

इवान मेंढ्यांच्या गोठ्यात सापडला.

"चावटपणा? मी?" तो खेकसला. "मोरॅगताईच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं कुप्यांत थुंकलो. मर्डो गेल्यावर ताई म्हणाली, तुझं झाकण नीट लागलं नाही, दुसऱ्या कुपीत परत लाळ दे. दिली. पोस्टातही तिनंच टाकलं."

"मर्डो जन्मला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"स्टॉर्नोवेला, शाळेच्या वसतिगृहात. सुट्टीत आलो तर घरात पाळणा! ताई वर्षभर ग्लासगोला मावशीकडे होती, तीही तेव्हाच परतली. सोळा वर्षांची पोर, पण दिवसभर त्यालाच घेऊन बसायची."

परतताना इशबेलने दफनभूमीपाशी गाडी थांबवायला लावली. मर्डोच्या आईच्या थडग्यावर जन्मसाल होतं १९१०. मर्डोचा जन्म १९६२चा.

"इवानच," टॉर्किल गाडीत बसत म्हणाला. "दोनदा थुंकल्याचं त्यानंच कबूल केलं."

"चोर असं आपणहून सांगतो होय रे?"

संध्याकाळी तिघं भावंडं मोरॅगच्या चुलीपाशी जमली. अठ्ठ्याहत्तरीची मोरॅग चहा ओतत होती.

"मोरॅगबाई," इशबेल हळू आवाजात म्हणाली, "हे मी तुमच्याशी एकटीशीही बोलेन."

"नको. बोल इथंच. बासष्ट वर्षं झाली."

"झाकण ठीकच होतं. इवानची दुसरी लाळ मर्डोच्या नावानं गेली. मर्डोची खरी कुपी तुम्ही फेकलीत. पुरुषाच्या रक्तातली वंशाची खूण बापाकडून मुलाकडे जाते. मर्डोच्या कुपीत ती मॅकॲस्किलांची निघाली नसती. एकाच माणसाची लाळ दोनदा गेली की अहवाल जुळे म्हणणार, एवढंच तुम्हाला ठाऊक नव्हतं. बावन्न वर्षांच्या बाईला मूल, आणि त्याच सुमारास ग्लासगोहून परतलेली सोळा वर्षांची मुलगी. मर्डो तुमचा भाऊ नाही."

इवानने टोपी काढली. टॉर्किलला कुठं पाहावं कळेना.

मर्डो मोरॅगकडे वळला. "आईला... म्हणजे, तिला ठाऊक होतं?"

"तिनंच तुला माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, आजपासून तू ताई."

"आणि तो? तो कोण?"

"रस्त्याच्या कामावर आला होता. पॅट्रिक."

"पॅट्रिक कोण? आडनाव?"

मोरॅगने किटली खाली ठेवली. "मी विचारलंच नाही रे कधी."

आयुष्यभर दुसऱ्यांची आडनावं चारशे वर्षं मागं नेऊन देणारा मर्डो उठला. त्याने कोट घातला. दारात वळून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण कोणती हाक मारावी तेच त्याला सुचलं नसावं. तो तसाच निघून गेला.

शनिवारी इवान प्रमुख झाला. मर्डो सभेला फिरकला नाही, आणि मोरॅगकडेही नाही. बोट पकडायला निघताना टॉर्किलने पाहिलं: म्हातारी दार उघडं टाकून बसली होती, आणि थंडी सरळ घरात शिरत होती.