गुळगुळीत कडा

बालवाडीची खोली सजत होती आणि आईसाहेब दारात खुर्ची टाकून सगळ्यांच्या चुका काढत होत्या. गल्ली त्यांना आईसाहेबच म्हणे. तोंडावर मानानं, पाठीमागे चेष्टेनं. खोली त्यांच्याच घराच्या पुढच्या अंगाची. शिकवणार होती सून. मुलानं परगावी बदली मागायचं मनात घेतलं, तेव्हा आईसाहेबांनीच हा डाव टाकला होता. बालवाडी चालली तर सून इथं राहील, आणि सून राहिली तर नात राहील. नात गेल्यावर घरात बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

सुतारानं बुटकी टेबलं आणली, वीतभर पाठीच्या खुर्च्या आणल्या. ताज्या रंगाचा वास नाकात झोंबत होता. सुनेनं गुडघ्यांवर रांगत सगळी खोली तपासली. पोरांच्या उंचीवरून पाहिलं की कुठला कोपरा लागेल, कुठला खिळा टोचेल ते कळतं, असं ती शिकून आली होती. सासूलाही तिनं रांगायला सांगितलं. नवऱ्यापुढं कधी वाकले नाही, आता खुर्च्यांपुढं काय वाकू, असं म्हणून आईसाहेबांनी तोंड फिरवलं.

दुपारी सून नातीला घेऊन बाजारात गेली. मग मात्र आईसाहेबांनी दार लोटलं, पदर खोचला आणि गुडघे टेकले. सुनेच्या नजरेतून सुटलेला एखादा खिळा सापडावा, एवढीच हौस.

खिळा नव्हता. पण टेबलाची कड हाताला गुळगुळीत लागली. तिथला रंग उडाला होता आणि आतलं लाकूड जुन्या जिन्याच्या कठड्यासारखं चकाकत होतं. खुर्च्यांच्या पाठींचं तेच. दारापासून बेसिनपर्यंत, कालच रंगवलेल्या भिंतीवर, अगदी खालच्या बाजूला मळकट पट्टा उमटला होता. पोरं रांगेनं हात धुवायला जाताना भिंतीला हात घासत जातात, तसा.

त्या खोलीत अजून एकही मूल आलं नव्हतं. रंग ओला म्हणून नातीलाही आत सोडलेलं नव्हतं.

आईसाहेबांनी सुताराला बोलावून फैलावर घेतलं. जुन्या फळ्या माझ्या गळ्यात मारतोस काय, इथपासून सुरुवात केली. एरवी तोंडाला तोंड देणारा माणूस, त्या दिवशी टेबलापाशी उकिडवा बसला. कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"लाकूड माझंच आहे, आईसाहेब," तो शेवटी म्हणाला. "पण ही झीज वापराची आहे."

त्यानं पुन्हा रंग दिला. सकाळी तो पुन्हा उडालेला होता, आणि कड आणखी आत गेली होती. सुतारानं उंबरठ्याबाहेर उभं राहूनच ते पाहिलं.

"ही खोली उघडू नका."

"तू तुझा रंधा सांभाळ. आणि सुनेच्या कानावर घालशील तर याद राख."

आईसाहेबांनी कडांना रंगीत चिकटपट्टी लावली. भिंतीच्या पट्ट्यावर चित्रं डकवली. सुनेनं कौतुक केलं, तेव्हा त्यांनी मान उडवली.

बालवाडी सुरू झाली. पहिल्याच दिवशी एकही पोर रडलं नाही. आया दारात रुमाल घेऊन उभ्या होत्या, त्यांना थोडं वाईटच वाटलं. चार घरी बोलबाला झाला, पोरं वाढली. मुलानं बदलीचा विषय स्वतःहून सोडला. आईसाहेबांनी एकदा हळूच चिकटपट्टी उचकटून पाहिली. तिथं नवा रंग लावला, तो दुसऱ्या दिवशीही तसाच होता. झीज थांबली होती.

त्याच दुपारी आईसाहेब नातीला जेवायला बसवण्याआधी तिचे हात धुवत होत्या.

"कुणाशी खेळलीस गं?"

"सगळ्यांशी. सगळ्यांना माझाच हात धरायचा असतो."

"लाडकी ना तू पोरांची."

"या पोरांची नाही, आजी. आधीपासून असतात त्यांची."

आतून सून गाणं गुणगुणत होती. पाणी वाहत राहिलं.

आईसाहेबांनी साबण पुसला. हात उजेडाकडे नेला.

तळहात मऊ, गुळगुळीत होता.

त्याच्यावर एकही रेष उरली नव्हती.