ताई मान हलवते

"लहान मुलांना वॉर्डात आणायचं नाही. त्या मुलीला बाहेर बसवा बघू."

डॉक्टर आत येता येताच म्हणाला आणि माझा पाय तपासायला वाकला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी एकटीच आले होते. पलंगाच्या पायथ्याशी बसली होती ती माझी ताई... लहानपणी पेनिसिलिनच्या एका इंजेक्शननंतर गेलेली, अजून नऊ वर्षांचीच. ती फक्त मला दिसते. आईलासुद्धा कधी दिसली नाही. आणि हा कोण कुठला, विस्कटलेल्या केसांचा, सरळ तिला बाहेर काढायला निघाला!

"तुम्हाला... ती दिसते?"

त्याने वर पाहिलं. मग तिच्याकडे, तिच्या मानेवर उठलेल्या लाल गांध्यांकडे. त्याचा चेहरा उतरला.

"दिसतात मला कधीकधी," तो हळूच म्हणाला. "या धंद्यात बोलून दाखवायची सोय नाही."

नवी चप्पल चावली, एवढंच निमित्त. तिथून जंतू शिरले आणि पाय पोटरीपर्यंत लालबुंद झाला. सकाळी नर्सने लालीच्या कडेने पेनाने रेघ मारली होती. लाली ती ओलांडून गुडघ्याकडे निघाली होती. अंगात सणकून ताप होता.

"सेफाझोलिन सुरू करू. शिरेतून."

"नको."

मी ताईकडे बोट दाखवलं. "पेनिसिलिनच्या इंजेक्शनने गेली ती." सुई दिसली की ती मान हलवते — नाही, नाही, नाही. आजवर मी तिचंच ऐकत आले.

"ॲलर्जी तिला होती. तुम्हाला कधी काही झालंय?"

"घेतलंच नाही तर होईल कसं?"

"वादात हरणाऱ्यांतल्या दिसत नाही तुम्ही." तो हसला. "हे पेनिसिलिनच्या भावकीतलंच, पण स्वभाव वेगळा. पहिल्या पिढीचं औषध. नंतर नवनव्या पिढ्या आल्या, पण कातडीवरच्या जंतूंना हेच बरोबर ओळखतं."

"स्थळ सांगितल्यासारखं सांगताय."

"स्थळ चांगलंच आहे." मग त्याचं हसू मावळलं. "थांबलात तर जंतू रक्तात पसरतील. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही."

ताई मान हलवतच होती. मला रडू फुटलं. तिचं ऐकावं तर जीव जायचा, न ऐकावं तर तिला काय तोंड दाखवू?

तेव्हा तो खाली गुडघ्यांवर बसला. तिच्यासमोर.

"बाळ, तुला दिलं ते वेगळं होतं. आणि तेव्हा तुझ्याजवळ कुणी थांबलं नव्हतं, हो ना?"

ताईची मान थांबली.

"मी थांबणार आहे. हिला धाप लागली, अंगावर गांध्या उठल्या, तर त्यावरचं इंजेक्शन हे बघ, भरून ठेवलंय. हिला सोडून मी कुठेही जाणार नाही."

ताईने त्या भरलेल्या इंजेक्शनकडे निरखून पाहिलं. मग सरकली आणि तिने त्याला बसायला जागा करून दिली.

"द्या," मी म्हणाले.

औषध थेंबथेंब उतरू लागलं. त्याची बोटं माझ्या नाडीवर होती.

"बोलत राहा. आवाज बदलला तर लगेच कळेल मला."

"काय बोलू?"

"काहीही. मला नावं ठेवा."

"तुमच्या केसांत चिमणी घरटं बांधेल."

"आवाज उत्तम आहे... पण नाडी फार पळतेय." तो घाबरून माझ्या मानेकडे बघू लागला.

"ती औषधाने नाही पळत," मी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

लाली हळूहळू मागे हटली. घरी जायच्या दिवशी तो सेफालेक्सिनच्या, त्याच औषधाच्या भावकीतल्या, गोळ्या घेऊन आला.

"बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

माझं लक्षच नव्हतं. "ताई दिसत नाहीये मला. त्या दिवसापासून... गेली का हो ती?"

"नाही. मला दिसते अजून."

"मग मला कसं कळणार ती..."

"मला विचारावं लागेल. रोज." तो अडखळला. "आणि ताई असो, नसो, मला ते रोजचं विचारणं हवंच आहे. मला तुम्ही आवडता."

खोलीत आम्ही दोघंच होतो. निदान मला तरी दोघंच दिसत होतो.

"आत्ता कुठे आहे ती?"

"तुमच्या डावीकडे. हात धरलाय तुमचा."

इतकी वर्षं ती नुसती दिसायची, स्पर्श कधी झाला नव्हता. माझा डावा हात मनगटापर्यंत गारठला होता. मी तो तसाच राहू दिला, आणि उजवा त्याच्यापुढे केला.